पाचवीपर्यंतचा हात

"बाळंतिणीची नाडी रोज पाहावी. ताप रोज पाहावा. पोटावर हात ठेवून गर्भाशय खाली उतरत आहे की नाही, ते पाहावे. स्राव किती, त्याला वास येतो का, ते पाहावे. असे दहा दिवस करावे."

गोजा झोपडीच्या सावलीला बसून मोठ्याने पाठ करीत होती. समोर तिची आई छबूबाई पाय पसरून शिंदीच्या पानांची केरसुणी बांधीत होती. मार्गशीर्षाचे कोवळे ऊन पडले होते, दारात कोंबडी पिले घेऊन हिंडत होती, आणि पलीकडच्या कुरुळीच्या रस्त्यावरून बटाट्याची गाडी कुरकुरत चालली होती. रोजच्यासारखाच तो एक दिवस होता.

"दहा दिस?" छबूबाईचे हात थांबले. "कुनी लिवलंय गं हे?"

"पुन्याच्या डाक्टरीनबाईंनी."

"त्यांस्नी म्हनावं, एकदा आमच्या वाडीला येऊन जावा. पाचवी झाल्यावर आपल्याला हुंबऱ्यापाशी बी कोन हुबं करत न्हाई. दहा दिस म्हनं!" असे म्हणून ती हसली आणि पुन्हा केरसुणीला लागली.

छबूबाई वाडीची सुईण. वाडीतल्या निम्म्या माणसांना जगात आल्यावर पहिला हात लागला तो तिचा. पुढे तीच माणसे मोठी झाली की तिची सावली चुकवून जात. याचे छबूबाईला काही वाटत नसे. निदान ती तसे दाखवीत नसे.

या भागातली रीत शहरातल्या वाचकांना सांगितली पाहिजे. कळा सुरू झाल्या की बाई विटाळाची होते. घरातले कोणी तिला शिवत नाही. मग शिवायला मांगवाड्यातली सुईण लागते. ती परसदाराने आत येते, बाळ मोकळे करते, नाळ कापते, घाण काढते, बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालते. पाचव्या दिवशी खोली शेणाने सारवतात, कोपऱ्यात पाटा-वरवंटा मांडून सटवाईची पूजा करतात, आणि त्या घटकेपासून बारशापर्यंत ती खोली देवीची होते. सुईणीच्या ओटीत खण-नारळ घालून तिला परसदारानेच वाटेला लावतात. बाई तीच, तिचे हातही तेच. पण चार दिवस ज्या हातांवाचून घर अडून बसले होते, त्याच हातांनी आता देवी बाटते. हे कुणी ठरवले कोण जाणे. कुणी कधी विचारलेही नाही.

गोजा ही मांगवाड्यातली सातवी पास झालेली पहिली मुलगी. सहायक परिचारिकेच्या शिक्षणासाठी ती पुण्याला जाऊन राहिली होती, आणि आता शेवटचे काही महिने चाकणच्या आरोग्य केंद्रातल्या सिस्टरांच्या हाताखाली आपल्याच भागात काम करीत होती. परीक्षा माघात होती. पुस्तकाची तिला भीती नव्हती. भीती होती ती एका नियमाची. परीक्षेला बसणाऱ्या मुलीने पाच बायकांची बाळंतपणे त्यांच्या घरी जाऊन केली पाहिजेत, आणि प्रत्येकीची पुढे दहा दिवस शुश्रूषा केली पाहिजे. चार झाली होती, दोन मांगवाड्यात आणि दोन महारवाड्यात. तिथे कुणी कुणाला अडवले नव्हते. पण आता त्या दोन्ही वस्त्यांत दिवस भरलेली बाई उरली नव्हती. वाडीत एकच होती. वरच्या आळीतल्या बबनरावांची लेक कौशल्या, पहिलटकरीण, माहेरी आलेली.

हे पाचवे बाळंतपण पुरे झाले की सर्टिफिकेट, सर्टिफिकेट मिळाले की नोकरी, आणि नोकरी लागली की छबूबाईने कुणाच्या परसदारी पदर पसरून उभे राहायचे नाही, असे गोजाने मनाशी धरले होते.

बबनराव ओट्यावर पान खात बसले होते, तेव्हा ती अंगणाच्या कडेला जाऊन उभी राहिली.

"आबा, कौसाक्काचं बाळंतपन मला करू द्या. आये हायेच संगती. पन एक मागनं हाय. दहा दिस मला आत येऊ द्या. परीक्षेला लागतंय."

"अगं, दहा काय, पंधरा दिस ये!" बबनराव दिलखुलास हसले. "आता कायदा झालाय. शिवाशीव गेली. तू शिकल्याली पोर, आमच्या वाडीचं नाव काढशील."

बबनराव शाळा कमिटीवर होते. सव्वीस जानेवारीला झेंडा लावून ते समतेवर बोलत, आणि चांगले बोलत. चाकणच्या बाजारात चारचौघांत त्यांना सुधारलेला माणूस म्हणत. बबनराव वाईट माणूस नव्हता. तो वाईट असता तर ही गोष्ट लिहायला सोपी गेली असती.

आत जात्यापाशी बसलेल्या सारजाबाईंनी, म्हणजे बबनरावांच्या बायकोने, हे सगळे ऐकले. जेवायला वाढताना त्या म्हणाल्या, "बारशाला तळेगावचे सोयरे येनार. सटवाईच्या खोलीत मांगाची पोर जाती-येती, असं त्यांच्या कानी गेलं, तर आपल्या पान्याला बी शिवायचे न्हाईत. लेकीला तितं नांदायचं हाय. टाकली त्यांनी तर?"

"बघू," बबनराव म्हणाले.

हा त्यांचा आवडता शब्द होता. या एका शब्दावर त्यांनी आजवर पुष्कळ अडचणी पार पाडल्या होत्या.

पुढे एका सकाळी कौशल्येला कळा सुरू झाल्या. छबूबाई आणि गोजा परसदाराने आत गेल्या. गोजाने आल्याआल्या चुलीवर पाणी चढवले, कात्री आणि दोरा उकळला, कोपरापर्यंत हात साबणाने धुतले. छबूबाई हे सगळे कौतुकाने आणि थोड्या गमतीने पाहत होती. तिने जन्मभर विळ्याने नाळ कापली होती.

"आये, ती धुडकी नको," गोजा म्हणाली.

कोपऱ्यात जुन्या चिंध्यांचे गाठोडे पडले होते. बाळंतिणीला घेतलेले कापड विटाळाचे, ते पुढे टाकूनच द्यायचे. म्हणून तिच्यासाठी घरातले सर्वांत जुने, मळके, उंदरांच्या संगतीत वर्षभर पडलेले फडके काढायचे, अशी या घरांतली काटकसर. बाईच्या आयुष्यातल्या सर्वांत नाजूक वेळेला घरातली सर्वांत घाण चिंधी! गोजाने ते गाठोडे बाजूला सारले आणि केंद्रातून आणलेली, उकळून उन्हात वाळवलेली फडकी काढली.

दुपार कलली तरी सुटका होईना. कौशल्या घाबरली. ती गोजाहून वर्षाने लहान. शाळेत ती वर्गात बसे आणि गोजा दाराबाहेर, पण दाराआडून दोघींचे खुणेने पुष्कळ बोलणे चाले. आता तिने गोजाच्या गळ्यात दोन्ही हात टाकले.

"गोजे, मी मरती काय गं?"

"मरतीस कशाची! अक्का, श्वास घ्या मोठा. आता जोर करू नगा. आता करा. हां!"

उन्हे उतरायच्या सुमाराला मुलगा झाला. रडला. वार नीट पडली. गोजाने ती उलटसुलट करून पाहिली, पुरी आहे अशी खात्री केली, आणि मगच तिच्या चेहऱ्यावर हसू आले. उंबऱ्याबाहेर उभ्या असलेल्या सारजाबाईंनी पदराने डोळे पुसले आणि लांबूनच म्हणाल्या, "पोरी, सोन्याचे हात हायत गं तुजे."

पुढचे दिवस फार चांगले गेले. गोजा सकाळ-संध्याकाळ येई, ताप पाही, नाडी पाही, फडकी बदली आणि वापरलेली स्वतः नेऊन उकळून आणी. बाजेखाली शेगडी इतकी धगधगती नको, असे सांगून तिने दोनदा निखारे कमी केले. कौशल्या बाळाला घेऊन बसली की गोजा तिथेच भिंतीला टेकून पुस्तक वाची. कौशल्या तिला प्रश्न विचारी आणि उत्तर अडले तर चिडवी. "नापास झालीस तर माज्या पोराचं नाव बद्दू हुईल गं!" असे म्हणून दोघी खिदळत. त्या खोलीत तेवढे दिवस जात नावाची गोष्ट नव्हती.

पाचवीला खोली सारवली. कौशल्येला न्हाऊ घातले. सटवाई मांडली. सारजाबाईंनी छबूबाईच्या ओटीत खण-नारळ टाकला, गोजाला एक नवे लुगडे वरून सोडले, आणि परसदार लावून घेतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोजा नेहमीच्या वेळेला गेली. दार बंद होते. तिने हाक मारली, तेव्हा सारजाबाई फटीतून डोकावल्या.

"आता कशाला आलीस?"

"ताप बघायला, मालकीनबाई. आबा म्हनले व्हते..."

"त्यांचं काय जातंय म्हनायला? सटवाई बसलीय आत. अक्का बरी हाय. तू जा."

गोजाने गयावया केली. शेवटी ती म्हणाली, "मी आत येत न्हाई. ही ताप बघायची नळी घ्या. अक्काच्या काखेत धरा आनि मला आनून दावा. येवढं तरी करा."

सारजाबाईंना हे पटले. पण गोजाच्या हातातून ती नळी घेणार कशी? त्यांनी ती दगडावर ठेवायला लावली. तिच्यावर पाणी शिंपडले. तेवढ्यावर मन निवेना. नळी देवीच्या खोलीत जायची होती. न्हाणीत बंब पेटलेला होता. काच आहे, कढत पाण्याने स्वच्छ होईल, असा विचार करून त्यांनी तांब्याभर आधणाचे पाणी तिच्यावर ओतले.

नळी तडकली. पाऱ्याचे थेंब सारवलेल्या जमिनीवर इकडेतिकडे पळू लागले. सारजाबाई किंचाळून मागे सरल्या.

"अगं बया! हे जित्तं हाय का काय? बघ, देवीला चाललं न्हाई. मी म्हनत व्हते!"

गोजा काचेचे तुकडे वेचून घरी आली. छबूबाई म्हणाली, "पोरी, लई वढू नको. आपल्याला ह्याच गावात ऱ्हायाचं हाय." त्या वेळी तिच्या डोक्यात आपली परीक्षाच होती, हे खरे. पाचवे बाळंतपण हातचे गेले, आता काय करायचे, याच विचाराने तिला रडू येत होते.

सातव्या दिवशी ती पुन्हा गेली. या वेळी दाराशी न जाता ती खोलीच्या मागच्या भिंतीशी गेली आणि झरोक्याखाली उभी राहून तिने हळूच हाक मारली.

"कौसाक्का, बऱ्या हाय न्हवं?"

आतून आवाज आला. "गोजे, लई थंडी वाजतीय गं. दात वाजत्यात. पोट दुखतंय."

"मालकीनबाईस्नी सांगितलं का?"

"ती म्हनती शेगडीनं आंग तापलंय. आनि गोजे... फडकी पुना ती जुनी धुडकीच हायत. वास मारत्यात."

थंडी, ताप, पोटात दुखणे, वास. हा धडा गोजाला तोंडपाठ होता, आणि त्याच्या शेवटी काय लिहिले आहे, तेही. परीक्षा तिच्या मनातून पार पुसून गेली. ती शेतात बबनरावांकडे धावली.

"आबा, अक्काला बाळंतज्वर झालाय. डाक्टर आना. न्हाईतर मला आत जाऊ द्या. पेनिसिलिन दिलं तर वाचंल. आपल्या पिंपरीलाच करत्यात. सयाजीदादा तितंच कामाला हायत."

सयाजी हा बबनरावांचा मुलगा. पिंपरीला औषधाचा कारखाना निघाल्यापासून तो सायकलवर तिथे जात असे. त्याच्याकडे बाटल्या धुण्याचे काम होते.

बबनरावांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. पण ते म्हणाले, "बायकांच्या खोलीतलं काम गं. बाप्या डाक्टर बाळंतिनीला शिवनार कसा? बघू. मी इचारतो आत."

"इचारायला येळ न्हाई, आबा!"

"बघू म्हनलं न्हवं?"

गोजा तिथूनच चाकणच्या वाटेला लागली. मोटारीची वाट न पाहता ती अर्धे अंतर पळत गेली. सिस्टर लगेच निघाल्या. त्या ब्राह्मणाघरच्या, त्यांना पाहताच सारजाबाईंनी दार सताड उघडले, पाट मांडला, गूळ-पाणी पुढे केले. आपण दवाखान्यात दिवसभर नाना आजाऱ्यांना हात लावून आलो आहोत, हे सिस्टरांनी सांगितले नाही आणि कुणी विचारलेही नाही. गोजा परसात उभी होती.

सिस्टर बाहेर आल्या त्या गंभीर होऊन. "इस्पितळात हलवा," त्या म्हणाल्या. बारसे होईपर्यंत बाळंतीण खोलीबाहेर काढायची नाही, असे सांगून सारजाबाई रडू लागल्या. तेव्हा सिस्टरांनी पेनिसिलिनची सुई दिली, आणखी बाटल्या कोनाड्यात ठेवल्या, आणि म्हणाल्या, "रोज एक सुई दिलीच पाहिजे. एकही दिवस चुकवायचा नाही. गोजाला येते. ती येऊन देईल. तिला आत घ्याल ना?"

"व्हय व्हय, घिऊ की," सारजाबाई म्हणाल्या.

"घेऊ ना, म्हणजे काय!" बबनराव म्हणाले.

केंद्रात दुसरी बाई अडलेली होती. सिस्टर त्यांच्या शब्दावर विसंबून गेल्या.

कामावरून आल्यावर सयाजीने कोनाड्यातली बाटली उचलून पाहिली. "हे आमच्यातच करत्यात, आई," तो अभिमानाने म्हणाला. आणि त्याने ती पुन्हा होती तिथे ठेवून दिली.

सकाळी कौशल्येला बराच उतार पडला. तिने तांदळाची पातळ कण्हेरी घेतली, बाळाला जवळ घेतले. गोजा सुई उकळून फडक्यात बांधून दाराशी आली, तर सारजाबाई हसतमुखाने म्हणाल्या, "देवी पावली गं. ताप उतरला. आता कशाला टोचाटोची?"

"मालकीनबाई, हा उतार सुईचा हाय. दुसरी दिली न्हाई तर ताप उलटंल. बाईंनी काय सांगितलं?"

"सांगितलं गं. पन बाई काय, गेली निघून. तळेगावच्या लोकांस्नी तोंड मला दावायचं हाय."

त्याच सकाळी बबनराव बारशाचे आमंत्रण घेऊन तळेगावला गेले होते. जाताना ते घरात काही सांगून गेले नव्हते. सांगायचे झाले तर काहीतरी एक ठरवावे लागले असते.

दिवस कलेपर्यंत ताप उलटला. झरोक्याखाली उभ्या असलेल्या गोजाला आतले बडबडणे ऐकू येऊ लागले. त्यात तिचे नाव होते. "गोजेला घ्या. आई, गोजेला आत घे. माजं पोर..." सारजाबाई अंगारा लावीत होत्या, नवस बोलत होत्या, लेकीचे पाय चोळीत होत्या. या बाईचे लेकीवर प्रेम नव्हते, असे कुणी म्हणू नये. त्या जागी तिच्या जिवाची काहिली होत होती. पण आपण दार उघडले तर लेकीचा संसार मोडेल आणि वर देवी कोपेल, हे तिने लहानपणापासून इतक्या तोंडांनी ऐकले होते, आणि दार न उघडले तर लेक मरेल, हे सांगणारे तोंड एकटे गोजाचे होते.

गोजाने डोके चालवले. शहाणपण सांगून उपयोग नाही, हे तिला कळून चुकले होते. तिने त्यांच्याच रितीत वाट शोधली. ती परसदाराशी जाऊन म्हणाली, "मालकीनबाई, खोली देवीची हाय, मी मान्य करते. मी खोलीत पाऊल टाकत न्हाई. अक्काला बाजंसकट गोठ्यात आना. गोठ्यात मी येऊ शकते न्हवं? आमी तर शेन काढायला येतोच की. तितं मी सुई देते. मग न्हाऊ घालून परत आत न्या."

सारजाबाई थबकल्या. हे त्यांना पटण्यासारखे होते. त्यांनी लेकीकडे पाहिले, दाराकडे पाहिले. "बारसं न झालेली बाळंतीन, वाऱ्याला काढायची?" त्या पुटपुटल्या. "घरात गडी मानूस न्हाई. हे येऊ दे. हे म्हनले तर काढू."

"सयाजीदादा हायत की!"

सयाजी दाराआड उभा होता. त्याने आईकडे पाहिले. "आबा येऊ देत," तो म्हणाला आणि खाली मान घालून बैलांना वैरण टाकायला गेला.

बबनराव त्या दिवशी आले नाहीत. व्याह्यांनी आग्रहाने ठेवून घेतले होते. ते दुसऱ्या दिवशी सकाळी बत्तासे आणि नव्या झबल्याचे कापड घेऊन आले, आणि लेकीचा चेहरा पाहताच त्यांच्या हातातून ते गाठोडे गळले.

"गोठ्यात आना! गोजेला बोलवा!" ते ओरडले.

त्या माणसाला एवढ्या मोठ्याने ओरडताना वाडीने कधी ऐकले नव्हते. हाच आवाज चार दिवस आधी निघाला असता, तर!

कौशल्येची बाज गोठ्यात आणली. सकाळचे ऊन तिच्या पायांवर पडले होते. गोजाने नाडी पाहिली. बोटाखाली ती लागेना, लागली तर मोजता येईना. पोट फुगून दगडासारखे झाले होते. तिने सुई दिली. तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होते, आणि त्याच वेळी ती ओलसर फडक्याने कौशल्येचे ओठ टिपत होती. कौशल्येने एकदा डोळे उघडले. तिने गोजाला ओळखले.

"आलीस व्हय," ती म्हणाली.

दुपार व्हायच्या आत सगळे संपले.

मग एक नवीनच अडचण उभी राहिली. बाळंतपणात मेलेली बाई! तिला शिवले तर ती मागे लागते, असा समज. भावकीतल्या बाया अंगणाच्या टोकाला घोळका करून उभ्या राहिल्या. सारजाबाई पुढे धावल्या तर दोघींनी त्यांना धरून ठेवले. तिला न्हाऊ कोण घालणार, लुगडे कोण नेसवणार? सगळ्यांनी गोजाकडे आणि छबूबाईकडे पाहिले. "आता तुमीच बघा," कुणीतरी म्हणाले. आता त्यांना कोणी अडवले नाही. घरातून गरम पाणी आले, हळद आली, हिरवे लुगडे आले. मायलेकींनी तिला न्हाऊ घातले. गोजाने तिचे केस विंचरून वेणी घातली. त्या दिवशी तिच्या हाताने कुणीही बाटले नाही.

मुलगा वाचला. शेळीच्या दुधावर सारजाबाई त्याला वाढवीत आहेत. त्याचे नाव ठेवायला तळेगावचे कोणी आले नाही.

माघात गोजा परीक्षेला गेली. लेखी चांगले गेले. तोंडी परीक्षा घ्यायला एक नामांकित डॉक्टरीणबाई होत्या, स्वभावाने मायाळू. त्यांनी विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला गोजाने बरोबर उत्तर दिले. बाळंतज्वराची लक्षणे विचारली, तेव्हा तिने ती इतकी हळू आवाजात सांगितली की बाईंना पुन्हा विचारावे लागले. मग त्यांनी तिच्या पाचव्या बाळंतपणाची माहिती पाहिली आणि चष्मा काढला.

"पाचव्या दिवसानंतर शेवटच्या दिवसापर्यंत तुम्ही रुग्ण पाहिलाच नाहीत?"

"रोज जात होते, बाई. दारापर्यंत."

"आत का गेला नाहीत?"

"घेतलं नाही."

"मग तुम्ही आग्रह का धरला नाहीत? घरच्यांना समजावून सांगणे, हे परिचारिकेचे पहिले काम. ते तुम्हाला जमले नाही, म्हणून एक बाई गेली, असे नाही का वाटत तुम्हाला?"

"वाटतं," गोजा म्हणाली.

नियमाप्रमाणे तिचे सर्टिफिकेट अडकले. घरी जाऊन केलेले एक बाळंतपण अपुरे. ते पुरे करून सहा महिन्यांनी यावे, असा निर्णय झाला. डॉक्टरीणबाईंनी नियमच पाळला, आणि त्यांचा प्रश्नही रास्त होता. फक्त तो बबनरावांना विचारायचा होता, सारजाबाईंना विचारायचा होता, बाटली कोनाड्यात परत ठेवणाऱ्या सयाजीला विचारायचा होता, आणि समतेची भाषणे ऐकून टाळ्या वाजवणाऱ्या आपणा सर्वांना विचारायचा होता. तो जिला विचारला गेला, तिने एकटीनेच काय ते केले होते.

आषाढाच्या आत गोजाला एक घर हवे आहे. हे वाचणाऱ्यांत सुधारलेली मंडळी पुष्कळ असतील, आणि कुणाच्या ना कुणाच्या लेकीचे, सुनेचे दिवस भरत आलेच असतील. बोलावलेत तर ती येईल. कळा सुरू झाल्या की तुम्ही तिला आत घ्यालच. तेवढे बबनरावांनीही घेतले होते. पाचवी पुजून झाल्यावर दुसऱ्या सकाळी ती पुन्हा दारात येऊन उभी राहील. तेव्हा तुम्ही काय करणार आहात, ते आजच, घरात सगळे धडधाकट असताना, ठरवून ठेवा.